दशरथच्या काचा

हटवारजींनी मला पकडलं तेव्हा मी डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचत होते. सप्तमी वाचली, अष्टमी वाचली, मग हात बदलला, उजवा डोळा झाकला, आणि दारात ते उभे दिसले. खांद्यावर पंचा, हातात सायकलचा पंप. ऑफिसच्या अंगणातून पंप चोरीला जात, म्हणून आपला पंप ते रोज आत आणत.

“दिसते का?” त्यांनी विचारलं.

“डोळ्यात कचरा गेला होता.”

“दोन्ही डोळ्यांत?”

मी हात खाली घेतला. त्यांनी पंप कोपऱ्यात उभा केला, आपल्या स्टुलावर बसले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कालचं पत्र मी बी वाचलं, सिंधू.”

ही एकोणीसशे एकाहत्तरची गोष्ट. आज माझी ऐंशी उलटली, पण त्या खोलीतला रंगाचा वास अजून नाकात आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हिवतापाच्या ऑफिसात मी नोकरीला होते. बाहेरच्या खोलीत साहेब, कारकून आणि फवारणीचं सामान. आतल्या खोलीत उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीशी दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप. एकावर हटवारजी, एकावर मी. मागच्या मोरीशी शेवंताबाई बसायच्या. काचा धुणं, रंगवणं, वाळवणं ही कामं त्यांच्याकडे, आणि तालुक्यातल्या बातम्याही त्यांच्याकडेच.

आमचे कर्मचारी सायकलवरून खेडोपाडी घरोघर फिरायचे. पंधरवड्याला एकदा प्रत्येक घराची पाळी यायची. कुणाला ताप आला होता का, विचारायचं. ज्याला आला असेल त्याच्या बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक जाड थेंब आणि शेजारी एक पातळ थर घ्यायचा, थरावर पेन्सिलीने नंबर टाकायचा, माणसाला तिथल्या तिथे गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या घरी जायचं. लाकडी पेट्यांतून त्या काचा आमच्यापुढे यायच्या. दिवसाला साठ. हिवतापाचा जंतू म्हणजे एक निळा स्वल्पविराम आणि त्याला चिकटलेलं लाल टिंब. शंभर जागा पाहून झाल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं नाही, असा नियम. सापडला तर कर्मचारी परत त्या घरी जाऊन पाच दिवसांचं पुरं औषध द्यायचा. नाही सापडला तर तो ताप साधा ठरायचा आणि त्या माणसाचं नाव तिथेच संपायचं.

आमच्यावरही नजर असायची. सापडलेल्या सगळ्या काचा, आणि न सापडलेल्यांपैकी दहात एक, विभागाच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला जायच्या. चार वर्षांत माझी एक चूक निघाली नव्हती. त्या पत्रात पाच होत्या. तीन काचांत जंतू असून मी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि दोन काचांत नसून ‘आहे’. पुढच्या महिन्यातही असंच आढळल्यास श्रीमती निखाडे यांना सूक्ष्मदर्शकाच्या कामावरून दूर करण्यात यावे, असं खाली टाइप केलेलं होतं.

पण नोकरीपेक्षा मला दुसरीच भीती होती. माझे वडील कोष्टी. त्यांच्या हातचं रेशीमकाठी धोतर लोक सांगून विणून घेत. ते पंचेचाळिशीत असताना कापडात धागे चुकायला लागले. आधी एखादा, मग रोज. त्यांना वाटलं, लक्ष लागत नाही. नागपूरला नेलं तोवर उशीर झाला होता. कडेकडेने अंधार येत येत मधलं पैशाएवढं उजेडाचं भोकही बुजलं. डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात चालत येऊ शकतं, मुलांचे डोळे तपासत जा. मी एकुलती एक. पत्र वाचलं आणि माझ्या मनाने एका क्षणात सांगितलं, धागे चुकायला लागले.

त्या रात्री मी घरी कुणाला काही बोलले नाही. आई भाकरी वाढत होती, बाबा ताटात चाचपून चटणी शोधत होते, आणि मी ताटाची कड डोळे न हलवता दिसते का ते पाहत होते.

हे सगळं हटवारजींना त्या सकाळी मी सांगून टाकलं. ते निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गृहस्थ. बोलणं कमी, तंबाखू जास्त. ऐकता ऐकता त्यांनी तळहातावर चुना मळला, चिमूट ओठाखाली ठेवली आणि मग म्हणाले, “मले चार दिवस दे. तोवर कोनाले काही सांगू नको. डॉक्टरकडे बी जाऊ नको.”

“का?”

“मंग खुशाल जाशील. चार दिवसांत आंधळी होत नाहीस तू.”

शेवंताबाईंना अर्थातच सगळं कळलेलं होतं. दुपारी काचा वाळत घालता घालता त्या म्हणाल्या की दुसऱ्याच्या पापाचं फळ बाईला भेटलं. दुसरा म्हणजे दशरथ कापगते. न सापडलेल्या तिन्ही काचा त्याच्या होत्या, हे त्यांनी यादीवरून पाहून ठेवलं होतं.

या दशरथबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे नंबराच्या सुरुवातीचा आकडा कर्मचाऱ्याचा असे. तीन म्हणजे यादोराव, सात म्हणजे दशरथ. यादोराव हसतमुख, घामाघूम होऊन यायचे, येताना सीताफळं आणायचे. त्यांच्या बोरटोल्याच्या बाजूला त्या वर्षी ताप फार होता; मी उगाच ‘आहे’ लिहिलेल्या दोन्ही काचा त्यांच्याच. दशरथ शांत. पेटी ठेवायचा, सही करायचा, जायचा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. त्याच्याकडे मोहटोल्याची बाजू होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने घरोघर न फिरता एकाच माणसाच्या बोटाच्या आठ काचा काढून आठ नावांवर दिल्या होत्या. हे मला शेवंताबाईंनी मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हापासून त्याची पेटी उघडली की मला दिसायचं की काचा सगळ्या सारख्या. थेंब सारखा, थर सारखा, एका साच्यातून काढल्यासारखा. वेगवेगळ्या माणसांच्या काचा इतक्या सारख्या कशा असतील? मी हे हटवारजींना दोनदा बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी “हूं” केलं होतं.

त्या आठवड्यात दोन दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे दोन पेट्या ठेवल्या. एकीत दहा, दुसरीत दहा. म्हणाले की या फेरतपासणीहून आलेल्या जुन्या काचा आहेत, पेन्सिलीचे नंबर भिंगाखालच्या तेलाने पुसट झाले, म्हणून मी कागद चिकटवून नंबर घातलेत. नेहमीसारख्या बघ, नेहमीसारख्या रजिस्टरात चढव.

नेहमीसारखं म्हणजे आधी लिहिणं. आमच्या ऑफिसची रीतच तशी होती. काच हातात घेतली की प्रथम रजिस्टरात नंबर लिहायचा, मग गाव, मग कर्मचाऱ्याचं नाव, आणि हे सगळं लिहून झालं की काच भिंगाखाली ठेवायची. साहेबांचा हुकूम होता. काच बघून झाल्यावर लिहिलं तर नंबर चुकतात, असं त्यांचं म्हणणं.

पहिली पेटी साताची होती. दशरथ, दशरथ, दशरथ. मी दहाही बघितल्या. थर कसेतरी ओढलेले, कुठे जाड, कुठे फाटके. मी म्हटलं, “आता तर सारख्या काढायचेही कष्ट घेत नाही हा. बसल्या बसल्या उरकलेलं दिसतंय.” दहांत एक सापडली. दुसरी पेटी तिनाची. यादोरावांचा हात मला त्या दिवशी पाहत राहावासा वाटला. “भाऊंनी हात किती बसवलाय बघा,” मी म्हणाले. “प्रत्येक थेंब कसा मोजून टाकल्यासारखा.” त्या दहांत सहा सापडल्या.

हटवारजी आपल्या भिंगातून मान वर न काढता म्हणाले, “हं. लिहून ठेव.”

दुसऱ्या दिवशी परत त्यांनी एक पेटी ठेवली. वीस काचा. प्रत्येकीवर कागद, कागदावर नुसता एक ते वीस आकडा. गाव नाही, नाव नाही. रजिस्टर त्यांनी उचलून आपल्या मांडीखाली घेतलं आणि एक कोरा कागद मला दिला. “आहे का नाही, एवढंच लिही,” म्हणाले.

मला आठवतं, पहिल्या काचेशी माझा हात अडखळला. कुणाची आहे हे न कळता बघायचं म्हणजे अनोळखी घरात जेवायला बसल्यासारखं वाटलं. कुठून सुरुवात करावी कळेना. मग मी कोपऱ्यातून सुरुवात केली आणि एक, दोन, तीन असं मनात मोजत शंभरापर्यंत गेले. दुसरी शंभरापर्यंत गेले. नवव्या काचेला लक्षात आलं की शंभरापर्यंत मोजून मला कितीतरी महिने झाले असावेत. काही काचा मी विसावर सोडत होते, काहींवर दोनशे जागा शोधत बसत होते, आणि मला वाटत होतं मी सगळ्यांना सारखीच वागणूक देते. हे क्षणभरच जाणवलं. तेव्हा त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही, पुढची काच घेतली. वीस व्हायला दुपारचे दोन वाजले. आठ सापडल्या.

हटवारजींनी माझा कागद घेतला, सदऱ्याच्या खिशातून फेरतपासणीचं पत्र आणि आपली एक चिठ्ठी काढली आणि तिन्ही शेजारी ठेवून बोटाने एकेक ओळ जुळवली. त्यांना वेळ लागला. शेवंताबाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

“वीसच्या वीस बरोबर,” ते म्हणाले.

मला समजलं नाही. मी विचारलं, काय बरोबर.

“प्रयोगशाळेवाल्यांनी जे पाह्यलं, तेच तू पाह्यलं. ज्या तीन तू सोडल्या होत्या, त्या आज सापडल्या. ज्या दोघींत तुले उगाच दिसलं होतं, त्यांत आज नाही दिसलं. डोळे कमजोर झाले तर मानसाले कमी दिसते, सिंधू. नाही ते दिसत नाही. पत्र वाचून मले तिथंच खटकलं होतं. डोळ्याचं दुखनं असतं तर पाचही चुका एकाच बाजूच्या झाल्या असत्या.”

मी स्टुलावरून उठले आणि परत बसले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मला त्याचंही बरं वाटलं, कारण त्या पाण्यातूनही खिडकीच्या चौकटीच्या चारही कडा मला दिसत होत्या. शेवंताबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. त्या पदराला रंगाचा निळा डाग होता, तो माझ्या गालाला लागला आणि संध्याकाळपर्यंत तसाच होता.

“मग काल?” थोड्या वेळाने मी विचारलं. “कालच्या काचा?”

“त्याच वीस.”

“पण काल तर सातच सापडल्या—”

“काल मी नंबर उलटे चिकटवले होते. दशरथच्या काचांवर तीन. यादोरावच्या काचांवर सात.”

मी काल काय बोलले होते ते मला शब्दन्‌शब्द आठवलं. त्यांना आठवण करून द्यायची गरज पडली नाही, आणि त्यांनी ती दिलीही नाही. दशरथचा तोच सारखा थेंब, तोच सारखा थर. सात लिहिलेलं असे तेव्हा मला त्यात लबाडी दिसायची. तीन लिहिलं तर त्यात मला कसब दिसलं. आणि यादोरावांचा फाटका थर एरवी मला मेहनतीचा वाटायचा, घामाघूम माणसाचा; काल तोच कामचुकाराचा वाटला. काचेत काही बदललं नव्हतं.

शेवंताबाई म्हणाल्या, “पन हटवारजी, त्यानं आठ काचा केल्या होत्या ना एकाच बोटाच्या?”

“केल्या होत्या. मीच पकडल्या. बायको बाळंत होती घरी, दोन दिवस कुठं हलला नाही. मग माह्यापुढं रडला. ते सहा वर्षांमागं.” मग माझ्याकडे वळून ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, “काच पाहाच्या आधी तू नंबर लिहिते. नंबर लिहिला का उत्तर तुले भेटून जाते. मग डोळे नुसते फिरते काचेवर. माह्यं बी झालं आहे तसं, पोरी. माह्यं कोनी पकडलं नाही, एवढंच.”

तो दिवस मी आनंदात काढला असता, पण घरी जाताना मनात हिशेब सुरू झाला. दहात एक काच तपासणीला जाते. त्या एकाच भागात तीन सुटलेल्या सापडल्या होत्या. मग बाकीच्या नऊ भागांत किती? दशरथच्या प्रत्येक काचेमागे मोहटोल्याच्या बाजूचा एकेक तापलेला माणूस होता, आणि मी त्याला वीस जागांवर सोडून दिलं होतं.

सकाळी मी हटवारजींना म्हटलं, दोन महिन्यांच्या साताच्या सगळ्या काचा मला परत बघायच्या आहेत. त्या अजून पेट्यांत होत्या. ते म्हणाले, नुसत्या साताच्या नको, मिसळून बघ, नाहीतर आता उलट होईल; आता तुला त्याच्या प्रत्येक काचेत जंतू दिसतील. माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं. शेवंताबाईंनी खळ शिजवली, कात्रीने कागदाच्या बारीक पट्ट्या केल्या आणि साताच्या काचा दुसऱ्यांच्यात मिसळून सगळे नंबर झाकून टाकले. यादी त्यांनी आपल्या कनवटीला लावली आणि ती मागितली तर हात तोडीन असा मला दम दिला. रोजचं काम संपवून आम्ही दोघं त्या काचांना बसायचो. नऊ दिवस लागले. साताच्या आणखी अकरा निघाल्या. पत्रातल्या तिघांना औषध आधीच पोचलं होतं.

दहाव्या दिवशी औषधं घेऊन हटवारजी आणि मी मोहटोल्याला गेलो. एस.टी.ने फाट्यापर्यंत, पुढे पायी. धानाच्या कापण्या उरकल्या होत्या, बांध्या कोरड्या पडल्या होत्या. दशरथ फाट्यावर सायकल धरून उभा होता. नमस्कार केला, औषधाची पिशवी माझ्या हातातून घेऊन हँडलला लावली, आणि खाली बघत पुढे चालायला लागला.

प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीवर आमच्या खात्याचा चौकोन छापलेला असे. कर्मचारी आला की त्यात तारीख घालून सही करायचा. मी इतकी वर्षं काचा बघत होते, पण हे चौकोन कधी पाहिले नव्हते. मोहटोल्यात मी एकेक घर बघत गेले. पंधरा पंधरा दिवसांच्या तारखा ओळीने होत्या. एका घरी चौकोन भरला होता तर त्याने कोळशाने खाली आणखी रकाने आखून घेतले होते. चुलीचा धूर बसून जुन्या सह्या पिवळ्या पडलेल्या. हे सगळं एका दिवसात बसून करता येण्यासारखं नव्हतं.

सगळ्यात मागच्या घरी पारबता नावाची सात वर्षांची पोरगी होती. तिचा ताप मी सोडला होता. दशरथच्या गोळ्यांनी तो तेव्हा उतरला, पण तीन आठवड्यांनी परत आला होता. ती दाराशी पोत्यावर बसून उकडलेले शिंगाडे सोलत होती. अंग वाळलेलं, पण डोळे चपळ. तिच्या आईने आम्हाला बसायला खाट टाकली. ती म्हणत होती की दशरथभाऊ मधल्या दिवसांत दोनदा येऊन पाहून गेला, कागदावर तर नाही म्हणते, पण पोरगी थरथरते कशी, असं तोच म्हणायचा. हटवारजींनी पोरीला दिवसाला किती गोळ्या द्यायच्या ते आईला समजावलं, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली की गोळी कडू असेल तर मी थुंकते. मी म्हटलं, थुंक, मी दुसरी देईन. हटवारजी म्हणाले की हिच्या नादी लागू नको, ही बाई मोठी कडू आहे. पोरगी हसली.

अकराही माणसं भेटली. सगळी उभी होती. एकालाही काही झालं नव्हतं. हे मी आज सहज लिहिते, पण त्या दिवशी प्रत्येक दारातून वाकून आत जाताना मी आधी खाटेवर कुणी पडलेलं आहे का ते बघायचे.

परत फिरताना हटवारजी तंबाखूला थांबले आणि मी दशरथला गाठलं. काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवत होते, ते सगळं विसरले.

“दशरथभाऊ,” मी म्हटलं, “तुमच्या काचा मी नीट बघत नव्हते. मला वाटायचं, तुम्ही त्या खोट्या काढता.”

“मले मालूम होतं, बाई.”

“कसं?”

“पेटी ठेवली का तुमचं तोंड पाहो ना मी.” तो ओशाळून हसला. मी पहिल्यांदाच त्याला हसताना पाहिलं. “मंग मी घरी बसून सराव केला. रिकाम्या काचेवर, हळदीच्या पान्यानं. म्हटलं, बाईले फाटका थर आवडत नसन. थेंब बी मोजून टाकायले लागलो. जितकं तुमचं तोंड वाकडं, तितकी मी काच सरळ काढो.”

“आणि जितकी काच सरळ, तितकं माझं तोंड वाकडं,” मी म्हटलं.

आम्ही दोघं त्या बांधावर उभे राहून इतके हसलो की हटवारजी चुन्याचा हात तसाच धरून आमच्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी मी हसत होते. हसता हसता मला थंडी वाजली. ऊन डोक्यावर होतं आणि मी पदर लपेटून घेतला. दशरथ हसायचा थांबला.

“बाई, बोट दाखवा.”

मी म्हटलं, जागरण आहे, चाललेय फार, दहा दिवस नीट जेवलेही नाही. ही थंडी त्याचीच. मला माझी माहिती.

“असन,” तो म्हणाला. “पन ज्याले ताप, त्याची काच. नियम आहे.” त्याने सायकल बाभळीला टेकवली, माझं बोट कापसाने पुसलं आणि टोचलं. काचेवर तो सुरेख थेंब पडला, शेजारी थर ओढला गेला, पेन्सिलीने नंबर लिहिला गेला. मग मला गोळ्या दिल्या आणि त्यावर प्यायला पारबताच्या घरून पाणी आणलं.

पुढच्या महिन्याचं फेरतपासणीचं पत्र आलं त्यात माझी चूक नव्हती, आणि त्यानंतर मी सत्तावीस वर्षं त्या भिंगापाशी बसले. लिहिण्याची रीत साहेबांनी बदलली नाही, पण आमच्या खोलीत ती बदललेली होती. शेवंताबाई पट्ट्या चिकटवायच्या, आम्ही आधी बघायचो आणि मग पट्टी सोलून लिहायचो. मला मात्र आठवते ती मोहटोल्याहून आल्यानंतरची सकाळ. अंग दुखत होतं, तरी गेले. चाळीस काचा झाकून ठेवलेल्या होत्या. सगळ्यांच्याच पेट्या आदल्या संध्याकाळी आल्या होत्या, आणि त्या चाळिसांत माझी आहे की नाही हे शेवंताबाई सांगायला तयार नव्हत्या. मी कोपऱ्यातून सुरुवात केली. शंभर मोजायचे, पुढची घ्यायची. दोन सापडल्या. सव्विसावी आणि एकतिसावी. सव्विसावीत भरपूर होते, एकतिसावीत मोजून तीन, तेही ऐंशी जागा पाहून झाल्यावर. कंटाळले असते तर सुटले असते.

दुपारी पट्ट्या सोलल्या. सव्विसावी बोरटोल्याच्या एका म्हाताऱ्याची होती. एकतिसावीचा नंबर साताचा होता. शेवंताबाईंनी कनवटीची यादी काढून बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून “अगं बाई” म्हणाल्या.

मी रजिस्टर पुढे ओढलं. नंबर लिहिला. गाव लिहिलं. कर्मचारी, दशरथ कापगते. रुग्णाचं नाव, सिंधू निखाडे. वय सव्वीस. शेवटच्या रकान्यात ‘आहे’ लिहिलं आणि काच हटवारजींपुढे सरकवली.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंगाला डोळा लावला आणि हळूहळू काच सरकवत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझे दात थंडीने वाजत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

“बरोबर पाह्यलं, पोरी,” ते म्हणाले. “आता घरी जाऊन झोप.”